गाडी ठणठणीत, फोन बाद

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अब्बा सकाळी गाडी घेऊन चिपळूणहून कराडला आमच्या फुफींना भेटायला गेले होते. वय ७१. गाडी अजून स्वतः चालवतात आणि सोबत कोणी येतो म्हटले की चिडतात. असरपर्यंत परत येतो, असे सांगून निघाले होते. मगरीब झाली तरी आले नाहीत. फोन लावला तर लागेना.

असे याआधीही झाले होते. कुंभार्ली घाटात रेंज जाते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण अशा वेळी अम्मी घाबरत नसत, कारण त्यांच्या फोनमध्ये गाडीच्या कंपनीचे ॲप होते. ते उघडले की नकाशावर एक निळा ठिपका दिसे. ठिपका पाटणला आहे, ठिपका कोयनानगरला आला, ठिपका घाटाखाली उतरला. अम्मी तो ठिपका पाहत चहा ठेवायच्या आणि अब्बा दारात येईपर्यंत चहा तयार असायचा.

त्या दिवशी ॲप उघडले तर ठिपक्याऐवजी एक ओळ आली: ही आवृत्ती बंद झाली आहे, नवीन आवृत्ती घ्या. अम्मींनी दाबले. प्ले स्टोअरने सांगितले की हे ॲप या फोनवर चालत नाही. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. आम्ही सगळे त्या फोनभोवती जमलो. कोणी फोन बंद करून सुरू केला, कोणी जागा रिकामी केली. उपयोग झाला नाही. ईशानंतर तासाभराने अब्बा आले. घाटात झाड पडून रस्ता अडला होता, इतकेच. अलहम्दुलिल्लाह, सगळे ठीक होते. पण ते तीन तास अम्मींनी दाराशी उभ्याने काढले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीने बोलला. त्याचे म्हणणे एवढेच की फोनची प्रणाली जुनी आहे, नवीन फोन घ्या. अब्बा शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "गाडी विकताना माझ्या घरात फोन कोणते आहेत, हे यांनी विचारलं नव्हतं."

त्या एका वाक्यावरून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत, कारण हा प्रश्न आज ना उद्या पुष्कळ घरांत येणार आहे.

ठिपका येतो कुठून?

इंटरनेटशी जोडलेल्या गाड्या आपल्याकडे सर्वसामान्य घरांत येऊ लागल्या त्या २०१९ पासून. त्या वर्षी मे महिन्यात ह्युंदाई व्हेन्यू, जूनमध्ये एमजी हेक्टर आणि ऑगस्टमध्ये किया सेल्टोस बाजारात आली. फोनवरून गाडीचा एसी सुरू करा, दारे बंद करा, गाडी कुठे आहे ते पाहा, अशी त्यांची जाहिरात होती. पुढे जवळजवळ सर्वच मोठ्या कंपन्यांनी आपापली ॲप काढली. आमची गाडी २०२१ ची.

या सोयीच्या मागे तीन कड्या असतात. पहिली कडी गाडीतली. डॅशबोर्डच्या आत एक लहान डबी बसवलेली असते, तिच्यात सिमकार्ड आणि जीपीएस असते. ती गाडीची जागा, टाकीतले इंधन, दारांची स्थिती अशी माहिती मोबाइलच्या मनोऱ्यामार्फत पाठवत राहते. दुसरी कडी कंपनीचा सर्व्हर, म्हणजे ही माहिती साठवणारा दूरचा संगणक. तिसरी कडी आपल्या हातातला फोन आणि त्यातले ॲप.

यातली कोणतीही एक कडी तुटली की ठिपका दिसेनासा होतो. इंजिन, ब्रेक, टायर यांना त्याचा पत्ताही नसतो. गाडी पूर्वीसारखीच धावते. आमच्या बाबतीत तिसरी कडी तुटली होती.

एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. गाडीच्या पडद्यावर फोनमधला नकाशा आणि फोनवरचे बोलणे आणणारे अँड्रॉइड ऑटो किंवा ॲपलचे कारप्ले वेगळे, आणि गाडीच्या कंपनीचे ॲप वेगळे. पहिली सोय गुगल आणि ॲपलच्या हातात आहे, दुसरी गाडीच्या कंपनीच्या. जुन्या फोनला मात्र दोन्हींकडे सारखाच धोका आहे.

ॲप जुन्या फोनला का सोडते?

आमचा पहिला संशय असा होता की नवे फोन खपावेत म्हणून हे केले जाते. पण गाडीची कंपनी फोन विकत नाही. कारणे दुसरी आहेत आणि त्यातली काही रास्तही आहेत.

पहिले कारण सुरक्षेचे. फोन बनवणारी कंपनी काही वर्षे फोनला सुरक्षेची दुरुस्ती पाठवते, नंतर थांबते. त्यानंतर सापडलेली भोके तशीच उघडी राहतात. गाडीचे ॲप म्हणजे एक प्रकारची किल्ली आहे. त्याने दार उघडते आणि गाडी कुठे उभी आहे हे कळते. ज्या फोनच्या भिंतीला भगदाड आहे त्यात किल्ली ठेवू नये, हे म्हणणे खोडून काढता येत नाही.

दुसरे कारण गुगल आणि ॲपलच्या नियमांचे. प्ले स्टोअरवर ॲप ठेवायचे तर ते अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्तीला जुळवून घ्यावे लागते आणि ही अट दरवर्षी पुढे सरकते. ॲप बनवण्याची अवजारेही बदलत जातात आणि नवी अवजारे फार जुन्या फोनसाठी काम करीत नाहीत. जुन्या फोनना वगळाच, असे गुगल थेट सांगत नाही. पण दोन्ही टोके सांभाळायची तर काम वाढते.

तिसरे कारण खर्चाचे आणि बहुधा तेच सगळ्यांत वजनदार आहे. प्रत्येक नवी आवृत्ती प्रत्येक प्रकारच्या फोनवर तपासून पाहावी लागते. गाडी एकदा विकली गेली की ॲपमधून कंपनीला फारसे काही मिळत नाही. वापरणारे थोडेच उरले की त्यांच्यासाठीची तपासणी बंद होते.

या सगळ्याच्या मुळाशी आयुष्यांचा न जुळणारा हिशेब आहे. खाजगी गाडीची नोंदणी आपल्याकडे १५ वर्षांची असते आणि गाडी धडधाकट असेल तर पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. फोनचे आयुष्य त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही नसते. जिला १५ वर्षे चालायचे आहे तिची एक सोय पाच वर्षे टिकणाऱ्या वस्तूवर टांगून ठेवली आहे.

इतरत्र काय झाले?

अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये गाड्यांत आले. तेव्हा त्याला अँड्रॉइड ५ असलेला फोन पुरत असे. मग ६ लागू लागले, २०२२ मध्ये किमान अट ८ वर गेली आणि त्यानंतर ती आणखी वर सरकली. ज्यांच्या गाडीला पडदाच नाही त्यांच्यासाठी गुगलने २०१६ मध्ये फोनच्याच पडद्यावर चालणारे अँड्रॉइड ऑटो दिले होते. जुन्या गाड्यांना ते फार सोयीचे होते. २०२२ मध्ये तेही बंद झाले.

आयफोनचीही तीच तऱ्हा. २०१४ चा आयफोन ६ हा आयओएस १२ वर थांबला. २०१९ ची पुढची आवृत्ती त्याला मिळालीच नाही. मे २०२५ पासून त्यावर व्हॉट्सॲपही चालत नाही. व्हॉट्सॲपसारखे अब्जावधी लोकांचे ॲप जुन्या फोनला सोडते, तिथे गाडीच्या ॲपची काय कथा?

कधी गाडीतली डबीच जुनी ठरते. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि व्हेरायझनने त्या वर्षाअखेरीस थ्रीजी जाळे बंद केले. त्यावर अवलंबून असलेल्या अनेक कंपन्यांच्या गाड्यांतल्या ॲपच्या सोयी गेल्या. काही गाड्यांत अपघात झाल्यावर आपोआप मदत मागवणारी यंत्रणाही मुकी झाली. ब्रिटनमध्ये निसानने आपल्या लीफ या विजेवरच्या गाडीच्या २०१६ पूर्वीच्या मॉडेलांची ॲपसेवा एप्रिल २०२४ पासून थांबवली. त्या गाड्या टूजीवर बोलत होत्या आणि टूजी निरोप घेत होते. तिथे मालकाने कितीही महागडा फोन घेतला असता तरी उपयोग नव्हता.

म्हणजे "नवीन फोन घ्या" हे उत्तर अर्धेच आहे. आज फोन बदलून काम भागते. उद्या डबी जुनी झाली तर ती बदलून देणार का, हा खरा प्रश्न.

घरातला जुना फोन कोणाच्या हाती असतो?

आमच्याकडे, आणि आम्हाला वाटते कोकणातल्या पुष्कळ मुस्लिम घरांत, फोन विकत घेतला जातो एकाकडे आणि निवृत्त होतो दुसऱ्याकडे. अम्मींच्या हातातला फोन मोठ्या भावाने २०१७ मध्ये कुवेतमध्ये घेतला. चार वर्षे वापरून सुट्टीत येताना घेऊन आला. तो अँड्रॉइड ८ वर येऊन थांबलेला आहे. काच शाबूत, बॅटरी बरी, आवाज स्वच्छ. टाकून देण्यासारखे त्यात काही नाही, आणि चालती वस्तू टाकून देणे हा इसराफ, असे ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

याचा परिणाम असा की घरातला सर्वांत नवा फोन कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे आणि सर्वांत जुना अम्मींकडे असतो. मुलाला गाडी कुठे आहे याची फिकीर नसते. फिकीर असते ती घरी वाट पाहणाऱ्याला. जिला ठिपक्याची खरी गरज तिचाच फोन सर्वांत आधी बाद होतो.

दुसरी बाब कळवण्याची. कंपनीने म्हणे तीन महिने आधी सूचना पाठवली होती. ती ॲपच्या आत इंग्रजीत आली आणि ईमेलवर आली. खाते भावाच्या ईमेलवर उघडलेले, आणि भाऊ कुवेतला. अम्मींना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी आलेली चौकट बोटाने बाजूला सारली होती. सूचना दिली हे खरे, पण ज्याला हवी त्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही हेही तितकेच खरे.

कंपनीला थोडक्यात करता आले असते असे बरेच काही आहे. जुन्या फोनवर दारे उघडण्याची सोय बंद करावी, पण निदान गाडीची जागा साध्या एसएमएसने कळवावी. बंद होण्याची तारीख मराठीत, फोन करून सांगावी. विक्रीच्या वेळी हे ॲप किती वर्षे चालवू, हे कागदावर लिहून द्यावे. यासाठी कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

गाडी घेण्यापूर्वी

शोरूममध्ये रंग आणि मायलेज यांच्यासोबत हे चार प्रश्न विचारून घ्यावेत.

१. ॲपला अँड्रॉइडची किंवा आयओएसची कोणती किमान आवृत्ती लागते? आपल्या फोनची आवृत्ती सेटिंग्जमध्ये "अबाउट फोन" या भागात दिसते. केवळ आपलाच नव्हे, घरात ज्यांना ॲप लागेल त्या सर्वांचे फोन पाहावेत.

२. ही सेवा किती वर्षे मोफत आहे? त्यानंतर वर्षाला किती पैसे? मोफत काळ संपला आणि पैसे भरले नाहीत तर नेमके काय काय बंद होते?

३. एका गाडीला किती जण जोडता येतात?

४. ॲप बंद पडले तर दार, एसी, चार्जिंगची वेळ हे सगळे किल्लीने किंवा गाडीतल्या बटणाने करता येते का? विजेवरची गाडी घेणाऱ्यांनी हा प्रश्न आवर्जून विचारावा.

उत्तरे तोंडी न घेता ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावीत. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तेही एक उत्तरच आहे.

गाडी आधीच घरात असेल तर

सर्वप्रथम, आजच फोनची आवृत्ती पाहा. अँड्रॉइड ९ किंवा त्याखालचा फोन असेल तर पुढच्या वर्षा-दोन वर्षांत अडचण येऊ शकते, असे धरून चाला. प्रणालीची नवी आवृत्ती मिळत असेल तर वायफायवर, पूर्ण चार्जिंग करून आणि फोटो दुसरीकडे साठवून ती घ्या.

खाते कोणाच्या ईमेलवर आणि नंबरवर आहे ते तपासा. ते घरात राहणाऱ्या माणसाच्या नावावर असावे. परदेशी असलेल्या मुलाच्या नंबरवर ओटीपी जातो आणि तो कामावर असतो. मग सगळेच अडते.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका. ॲप प्ले स्टोअरवर मिळत नाही म्हणून इंटरनेटवरून किंवा कोणी पाठवलेली एपीके फाईल फोनमध्ये घालू नका. वाहनाचा दंड भरायचा आहे, असे सांगून व्हॉट्सॲपवर अशा फाईली पाठवण्याची फसवणूक देशभर झाली आहे. फाईल उघडली की ओटीपी चोरले जातात आणि बँकेचे खाते रिकामे होते. तसे झालेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

जुनी गाडी घेताना आणि विकताना

गावाकडे बहुतेक जण गाडी दुसऱ्या हाताची घेतात. तिथे ॲपचा धोका उलट्या बाजूने येतो. आरसी पुस्तकावर नाव बदलले तरी ॲपमध्ये जुनाच मालक राहू शकतो. २०१७ मध्ये आयबीएमच्या एका सुरक्षा तज्ज्ञाने जाहीरपणे सांगितले होते की आपली गाडी विकून काही वर्षे झाली, तरी आपल्या फोनमधल्या ॲपवरून ती कुठे आहे ते दिसत होते आणि तिची दारे उघडता येत होती. नव्या मालकाला याची कल्पनाच नव्हती. आपल्या घरातल्या लेकी-सुना ज्या गाडीतून येतात-जातात, ती कुठे थांबते हे कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर दिसत राहावे, हे कोणाला चालेल?

म्हणून घेताना कंपनीच्या सेवाकेंद्रात जाऊन जुने खाते काढून टाकायला सांगावे आणि गाडीच्या पडद्यावरील सर्व माहिती पुसून घ्यावी. विकताना हेच आपण करावे. गाडीत आपले घर, दुकान, शाळा यांचे पत्ते आणि फोनमधले नंबर साठलेले असतात. जुना फोन देऊन टाकतानाही आधी त्यातून गाडीचे खाते बाहेर काढावे.

तक्रार कुठे करायची?

पैसे भरून घेतलेली सेवा मुदतीआधी बंद पडली, तर ग्राहक म्हणून आपल्याला विचारण्याचा हक्क आहे. आधी कंपनीला लेखी तक्रार द्यावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. गाडीचे माहितीपत्रक आणि जाहिरात फेकून देऊ नये. त्यात ॲपबद्दल जे छापले असेल तोच आपला पुरावा.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनसाठी असा नियम लागू केला की एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे त्याला प्रणालीची अद्ययावत आवृत्ती मिळत राहिली पाहिजे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. गाडीच्या ॲपलाही असा किमान काळ ठरवून दिला जावा, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

आम्ही काय केले?

नवा फोन घ्यायचा की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी खाते भावाच्या ईमेलवरून काढून भाभींच्या नंबरवर केले. त्यांचा फोन तीन वर्षांचा आहे, अजून काही वर्षे चालेल. अम्मींचा फोन अम्मींकडेच राहिला. त्यावर त्या कुवेतला बोलतात, कुरआनचे पठण ऐकतात, तेवढ्याला तो पुरतो.

पण खरा तोडगा अब्बांनी काढला. त्या रात्री ॲप चालू असते तरी घाटात रेंज नव्हतीच. ठिपका शेवटच्या जागी थिजून बसला असता. हे समजल्यावर अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कोयनानगरला एक फोन करीन, खाली पोफळीला उतरलो की दुसरा. मध्ये दीड तासापेक्षा जास्त गेला तर समजा की अडकलोय, आणि पाटणला आपल्या माणसांना सांगा."

एवढी वर्षे आम्ही त्यांना हेच सांगत होतो आणि ते ऐकत नव्हते. आता ते दोन्ही फोन न चुकता येतात. पहिला आला की अम्मी घड्याळाकडे पाहतात. दुसरा आला की चहा ठेवतात.